आचारीकाकांची वही

कुलूप सरांनी स्वतःच्या हाताने काढलं. किल्ली शुक्रवारपासून त्यांच्याच खिशात होती. इन्क्युबेटरचं दार उघडून मी मधल्या फळीवरची माझी प्लेट बाहेर काढली, ट्यूबलाइटखाली ठेवली आणि आधी झाकणावरचा नंबर पाहिला. नंबर माझाच होता, अक्षरही माझंच. आतलं पाणी तेवढं माझं वाटेना. दर सोमवारी ते गुलाबीसर असायचं, आज पिकल्या लिंबासारखं पिवळं पडलं होतं.

“मोजा,” सर म्हणाले.

खरं तर मोजण्यासारखं काही नव्हतं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताच सगळं दिसलं. कर्करोगाच्या गाठीच्या पेशींनी तळ कानाकोपऱ्यापर्यंत भरून टाकला होता आणि त्यांना मारायला मी सोडलेल्या, रोग्याच्या रक्तातल्या पेशी त्यांच्याच अंगावर स्वस्थ पडून होत्या. त्या मेल्या नव्हत्या, चांगल्या जिवंत होत्या. नुसतं काही करत नव्हत्या.

तीन वर्षं मी या एकाच गोष्टीमागे हात धुऊन लागले होते. रोग्याच्या रक्तातल्या संरक्षक पेशी घ्यायच्या, त्यांना माझ्या पद्धतीने तयार करायचं, बुधवारी त्याच रोग्याच्या गाठीच्या पेशींबरोबर प्लेटमध्ये सोडायचं आणि सोमवारी पाहायचं. सोमवारी गाठ साफ झालेली असायची. एकदा नाही, एकेचाळीस वेळा. शोधनिबंध छापून आला, लोकांनी पाठ थोपटली, मीही थोडी ताठ चालायला लागले. मग दुसऱ्या एका संस्थेचं पत्र आलं. तुमच्या कृतीप्रमाणे सहा वेळा करून पाहिलं, एकदाही जमलं नाही, आमचं काय चुकतं ते कृपया कळवावं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सभ्य पत्राला उत्तर देणं फार कठीण. म्हणून सरांनी हा कुलूपबंद प्रयोग ठरवला होता, आणि आता तो माझ्या डोळ्यांदेखत फसला होता.

“तुम्ही खोटं केलंत असं मी म्हणत नाही,” सर खिडकीकडे पाहत म्हणाले. “पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी चौकशी समिती बसेल. निबंध मागे घ्यावा लागला तर तुमचं इथलं काम संपलं, हे आत्ताच सांगून ठेवतो.”

“सर, मी एकही आकडा बनवलेला नाही.”

“मला माहीत आहे. पण मला माहीत असून काय उपयोग?”

मी तिथून निघाले ती सरळ स्वयंपाकघरात गेले. रडायचं असेल तर आमच्या संस्थेत तेवढी एकच जागा आहे.

स्वयंपाकघर म्हणजे मीडिया बनवायची खोली. शरीराबाहेर काढलेल्या पेशींना जगवायचं तर त्यांना खायला घालावं लागतं. पाण्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं, वरून थोडं सीरम, आणि एक लाल रंग. पेशींनी खाऊन खाऊन पाणी आंबट केलं की तो रंग पिवळा होतो. हे सगळं मोजून, ढवळून, गाळून बाटल्यांत भरणारे काका गेली एकतीस वर्षं तिथे होते. त्यांना सगळे आचारी म्हणत. तोंडावर आचारीकाका, पाठीमागे नुसतं आचारी, आणि त्यांना दोन्ही माहीत होतं. महिनाअखेरीला ते निवृत्त व्हायचे होते.

माणूस नाकासमोर चालणारा. एकतीस वर्षांत एक मेमो नाही, आणि हे ते स्वतःच सांगत, चहाबरोबर, मागितलं नसतानाही. बाहेरच्या चपला घालून कुणी आत आलं तर संचालक असो की झाडूवाला, त्याला ते उंबऱ्याबाहेर उभं करत. आदल्या महिन्याची बाटली कुणी वापरताना दिसलं तर म्हणत, “घरी शिळं खाता का हो?” आम्ही त्यांची थट्टा करायचो. ते पेशींना ‘ही मंडळी’ म्हणत आणि इन्क्युबेटर उघडताना दारावर टिचकी मारत. मला वाटायचं, एकटा माणूस काम करताना काहीतरी चाळे करतो, तसंच हेही.

दर शनिवार-रविवारी, आम्ही सुट्टीवर असताना, पेशी वाढवायच्या मोठ्या बाटल्यांना ताजं मीडिया घालणं हे त्यांचं काम. प्रयोगाच्या प्लेटांना मात्र हात लावायचा नाही. तसा फलक इन्क्युबेटरवर होता, लाल शाईत, त्यांच्याच अक्षरात.

मी स्टुलावर बसले. ते बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणजे पाहिलं होतं.

“काय रंग होता?” त्यांनी विचारलं.

“कसला?”

“प्लेटचा.”

“पिवळा.”

“किती पिवळा? केशरीकडे झुकणारा, का लिंबाकडे?”

माझं डोकंच फिरलं. “काका, इथे माझी नोकरी चाललीय आणि तुम्हाला रंगाचं पडलंय!”

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली, खण उघडला आणि एक जाड, निळ्या पुठ्ठ्याची वही काढून माझ्यासमोर ठेवली. “आता मी सांगतो ते आधी पुरतं ऐका. मग काय ओरडायचं ते ओरडा.”

मी वही उघडली नाही.

“शुक्रवारी तुम्ही साडेपाचच्या बसने घरी जाता. तेव्हा तुमची प्लेट कांद्याच्या सालीसारखी झालेली असते. शनिवारी सकाळी मी येतो तोवर पार केशरी. मग मी वरचं अर्धं पाणी अलगद काढून घेतो, तळाशी बसलेल्यांना धक्का न लावता. तेवढंच ताजं घालतो. रविवारी परत एकदा. ह्या खेपेला कुलूप होतं. दोनदा येऊन परत गेलो.”

“माझ्या प्लेटला?” मी विचारलं. “प्रयोगाच्या प्लेटला तुम्ही हात लावत होता?”

“हो.”

“दर आठवड्याला?”

“हो.”

मग मी ओरडले. काय काय बोलले ते आज आठवून लाज वाटते. तुम्ही मला बुडवलंत म्हणाले, एकतीस वर्षं नुसत्या बाटल्या धुतल्यात म्हणाले, फलक स्वतः लिहिता आणि स्वतःच मोडता म्हणाले. काका खाली मान घालून उभे होते. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, “मला वाटायचं, मॅडमना सुट्टीत यायला जमत नाही, तर तेवढं आपण करावं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

“अर्थात नको म्हणाले असते!”

“म्हणून विचारलं नाही.”

मी वही उघडली. आधी वाटलं, काहीतरी खरडलेलं असेल. पण एकेक पान आखलेलं होतं. तारीख, वेळ, प्लेटचा नंबर, किती मिलिलिटर काढलं, किती घातलं, आधीचा रंग, नंतरचा रंग. रंगांची नावं त्यांची स्वतःची होती. डाळिंबी, गुलाबी, कांद्याच्या सालीचा, केशरी, लिंबू. माझ्या एकेचाळीस प्लेटांपैकी एकही सुटलेली नव्हती. मी तीन वर्षांत त्या पाण्याच्या रंगाचा एकदाही विचार केला नव्हता, आणि या माणसाने तो शनिवारी निराळा, रविवारी निराळा लिहून ठेवला होता. शेवटी दोन रकाने होते, वर ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ असं लिहिलेलं.

“हे कोण?”

“थोरला म्हणजे गाठवाले. धाकटा म्हणजे तुमचे रक्तातले.” काका पहिल्यांदाच जरा अवघडले. “आमच्या घरी दोघा भावांना एकच ताट असायचं. थोरला भराभर जेवायचा. वाईट नव्हता हो तो, जबडाच तसा. माझा एक घास चावून होईपर्यंत त्याचे चार. आणि पोट भरलं की ताटातच हात धुवायचा, म्हणजे उरलंसुरलंही गेलं. आई म्हणायची, धाकटा आळशी आहे, काम सांगितलं की बसून राहतो. आळशी कसला, पोटात अन्न नव्हतं. मग एकदा मावशी राहायला आली. चार दिवस तिने नुसतं बघितलं आणि आईला म्हणाली, याला वेगळं वाढ. बास, एवढंच. महिन्याभरात मी दोन-दोन बादल्या उचलायला लागलो.”

मी वहीतून मान वर केली.

“तुमच्या प्लेटमध्ये तेच चाललेलं असतं. थोरला साखर तर सगळी खातोच, वर पाणी आंबट करून ठेवतो. धाकट्याला लढायला सांगितलंय, पण तो लढणार कशाच्या जोरावर? मला नाही बघवत.”

स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात गेल्या तीन वर्षांची उलथापालथ झाली. गाठ माझ्या पेशींना हरवत नव्हती, ती त्यांच्या वाट्याचं खात होती. आज सकाळी मला ज्या निकामी वाटल्या, त्या उपाशी होत्या. पत्र लिहिणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांच्याकडे आचारी नव्हता, एवढंच. आणि रोग्याच्या शरीरातही शनिवारी सकाळी कुणी ताजं पाणी घेऊन येत नाही. मी शोधलं ते निम्मं होतं, उरलेलं निम्मं या खणात पडून होतं.

पण पहिला विचार मात्र मी स्वतःचाच केला, हे कबूल करायला हवं. “काका, ही वही परत आत ठेवा. मी समितीला सांगते, मीडिया मीच बदलत होते, निबंधात लिहायचं राहून गेलं. तुमचंही नाव येणार नाही, माझंही निभावेल.”

“आणि शनिवारी तुम्ही बसमध्ये होतात ते?”

“कोण बघायला जातंय?”

काकांनी वही उचलून छातीशी धरली. “मॅडम, मघाशी तुम्ही म्हणालात, एकही आकडा बनवलेला नाही. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं, मी ऐकलं. आता बनवणार? तेही माझ्यासाठी?”

आणि ते चालू लागले. मी मागून जाईपर्यंत त्यांनी सरांच्या दारावर टिचकी मारली होती.

सर रागीट नाहीत, पण नियमांचे पक्के. त्यांनी वहीची सुरुवातीची वीस पानं वाचली, मध्येच दोन वेळा चष्मा पुसला आणि टंकलेखकाला आत बोलावलं. अर्ध्या तासात मेमो तयार झाला. ‘आपण गेली तीन वर्षे परवानगीविना प्रयोगात हस्तक्षेप केल्याचे आढळून आले आहे...’ एकतीस वर्षांतला पहिला, आणि निवृत्तीला सोळा दिवस उरलेले. काकांनी मेमो उभ्यानेच वाचला, खालपर्यंत, ओठ हलवत.

“साहेब, यात चूक आहे.”

“काय चूक आहे?”

“तीन वर्षं नाही. एकोणीस.”

मी काकांच्या बाहीला हळूच हात लावला, पण ते थांबणाऱ्यांतले नव्हते. “आधीच्या वह्या कपाटात आहेत, पाच. मॅडमच्या आधी ज्यांच्या प्लेटा केशरी व्हायच्या, त्यांच्याही. सगळ्यांच्या नाही. जे स्वतः सुट्टीत येऊन बदलायचे, त्यांच्या प्लेटांना कधी हात लावला नाही.”

“माझ्या?” सरांनी विचारलं. सर स्वतःचं प्रसिद्ध काम याच इमारतीत करून मोठे झाले होते.

“तुमच्या दोनदा. तुमची मुलगी काचेच्या पेटीत होती तेव्हा. नऊ दिवस तुम्ही दवाखान्यातून हलला नव्हतात. परत आल्यावर मला म्हणालात, काका, माझ्या पेशी भलत्याच चिवट हो.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती मुलगी आता कॉलेजात जाते, मधूनमधून येते आमच्याकडे. मला वाटलं, आता मेमो फाडतील. मी त्यांच्या जागी असते तर फाडला असता आणि वर पाय धरले असते. पण त्यांनी पेन काढलं, ‘तीन’ खोडून वर ‘एकोणीस’ लिहिलं, बाजूला सही केली आणि कागद पुढे सरकवला. “आता बरोबर आहे?”

“आता बरोबर आहे,” काका म्हणाले आणि ‘प्रत मिळाली’ असं लिहून त्यांनीही सही केली. त्या क्षणी मला दोघांचाही हेवा वाटला.

“जुने सगळे निकाल तपासावे लागतील,” सर म्हणाले. “माझेही. ते मी बघेन. आधी यांचं. बुधवारी दोन प्लेटा लावा, सगळं एकसारखं. एका प्लेटला काका वहीत लिहिलंय तसं खायला घालतील, दुसरीला कुणी हात लावायचा नाही.” मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. मी हात पुढे केला, पण त्यांनी ती काकांच्या तळहातावर ठेवली. “ह्या वेळी तुमच्याकडे राहू दे.”

काकांनी किल्लीकडे पाहिलं. “दुसऱ्या प्लेटला अजिबात काही घालायचं नाही?”

“अजिबात नाही.”

“ती पिवळी पडली तरी?”

“पडलीच पाहिजे, काका.”

त्या शुक्रवारी मी बस पकडली नाही. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “तीन वर्षांत पहिल्यांदा! सगळं ठीक आहे ना?” शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा काका हूडसमोर, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या काचेच्या कपाटासमोर, बसलेले होते, घड्याळ मनगटावरून काढून खिशात ठेवलेलं. पहिल्या प्लेटचं पाणी ते बदलत होते. हात बाहेर थरथरायचे, हूडच्या आत गेले की नाही. पिपेटचं टोक पाण्याच्या वरच्या थराला इतक्या हळू टेकत होतं की तळाची एक पेशी हलली नसेल. मी या कामात पंधरा वर्षं आहे, माझ्या हातून ते तसं होत नाही.

“दुसरी?” मी विचारलं.

“केशरी. पावणेनऊला.” त्यांनी वहीत लिहिलं.

रविवारी दुसरी प्लेट लिंबू झाली. पहिलीला खायला घालून झालं, ती जागेवर गेली, आणि काका दुसरीसमोर तसेच उभे राहिले. इन्क्युबेटरचं दार उघडं होतं, आतली ऊब बाहेर येत होती. ताज्या मीडियाची बाटली डाव्या हातात, अजून अर्धी भरलेली. किल्ली त्यांच्याकडे होती, इमारतीत आम्ही दोघंच होतो, आणि मी काही बोलले नसते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसत होतं की मला तिकडे बघवेना. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका ताटासमोर ते बसले होते, आणि या वेळी वाढणारे तेच होते.

“मॅडम,” ते शेवटी म्हणाले, “दार तुम्हीच लावा.”

मी दार लावलं. त्यांनी कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि वहीत लिहिलं.

सोमवारी सर नऊच्या आत हजर होते. काकांनी कुलूप काढलं. मी मोजलं, मग सरांनी मोजलं, मग पुन्हा मी. खायला घातलेल्या प्लेटमध्ये तळ मोकळा दिसत होता, गाठीचे चार-दोन तुकडे कोपऱ्यात उरले होते आणि त्यांनाही माझ्या पेशी चिकटून होत्या. दुसरीत मागच्या सोमवारचंच चित्र होतं, गाठ भरून राहिलेली आणि वर पडलेले धाकटे. सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, “समितीपुढे आधी वही ठेवू. मग आमचं बोलणं.”

“वहीत खाडाखोड आहे साहेब, थोडी.”

“असू दे.”

माझी नोकरी राहिली होती. निबंध मागे जाणार नव्हता, नव्याने लिहावा लागणार होता, आणि तो पहिल्यापेक्षा खरा होणार होता. हायसं वाटून मी तिथेच रडेन असं वाटलं, म्हणून हाताला काम दिलं. मोजून झालेल्या दोन्ही प्लेटा उचलल्या आणि टाकाऊ गोष्टींच्या बादलीकडे निघाले. बादलीत ब्लीच असतं. प्लेट बुडवली की पाच मिनिटांत आतलं सगळं संपतं.

“झालं का मोजून?” काकांनी मागून विचारलं.

“हो, झालं.”

“दोन्हींचं?”

“दोन्हींचं.”

“मग ती दुसरी जरा इकडे द्या.”

मला आधी कळलंच नाही. ते हूडसमोर जाऊन बसले होते, बाह्या वर केलेल्या, घड्याळ खिशात. कोमट केलेली मीडियाची बाटली शेजारी तयार होती. कधी करून ठेवली कोण जाणे.

“काका, ही आता फेकायचीच आहे.”

“फेका की. मी कुठे नाही म्हणतो? पण उपाशी नका फेकू.”

मी प्लेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी वरचं पिवळं पाणी काढलं, या वेळी अर्धं नाही, जवळजवळ सगळं, आणि ताजं घातलं, एकेका कप्प्यात, घाई न करता. प्लेट परत गुलाबी झाली. ती त्यांनी इन्क्युबेटरमध्ये ठेवली, दारावर टिचकी मारली आणि म्हणाले, “अर्धा तास.”

सर जायला निघाले होते, ते थांबले. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो, सर स्टुलावर, मी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर, काका उभे. अर्ध्या तासाने काकांनी स्वतःच प्लेट बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली आणि बादलीत सोडली. ब्लीचमध्ये गुलाबी रंग हळूहळू विरत गेला. तो पूर्ण जाईपर्यंत ते बादलीपाशी उभे होते, मग हात धुऊन, पुसून त्यांनी वही उघडली आणि दुसऱ्या प्लेटपुढे, धाकट्याच्या रकान्यात, वेळ टाकून लिहिलं, ‘जेवला.’